बटन दाबण्याआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, टंकलेखनाच्या धंद्यातून निवृत्त, राहणार या घराच्या पुढच्या दोन खोल्या, आज राजीखुशीने लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, मी गुंगीचे कोणतेही औषध घेतलेले नाही आणि माझ्यावर कोणा माणसाचे दडपण नाही. भीतीचे आहे. मी घाबरले आहे. मृत्युपत्रात असे लिहायची पद्धत नाही, तरी लिहिते, कारण अक्षर वेडेवाकडे आलेले पाहून उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारी भ्रमिष्ट झाली होती.

न्यायालयाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून मी जन्मभर इतरांची मृत्युपत्रे टाइप केली. माणसे शेजारी उभी राहून सांगत, हे थोरल्याला, ते धाकटीला, आणि मी मान खाली घालून बोटे चालवत असे. स्वतःचे करायचे मात्र कायम पुढे ढकलले. आज टाइपरायटर समोरच आहे, पण बोटे ठरत नाहीत, म्हणून हाताने लिहिते.

हे आजच लिहिण्याचे कारण असे. माझा धाकटा भाऊ, ज्याला मी पुढे नुसते धाकटा म्हणेन, बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांवर लाँचने भाजी, पाणी आणि माणसे पोचवतो. आज सकाळी परत येताना दाट धुक्यात त्याच्या लाँचचे इंजिन बंद पडले. प्रवाह त्याला ओढून नेतो आहे, आणि त्या बाजूला पाण्यात खडकांची रांग आहे. त्याच्या हातातला बिनतारी संच दुबळा. बंदराचे कार्यालय टेकडीच्या आड, तिथे त्याचा आवाज पोचत नाही. माझ्याकडे पोचतो, कारण घर उंचावर आहे आणि गच्चीवर माझ्या अँटेनाचा खांब आहे.

मी हौशी रेडिओवाली आहे, परीक्षा देऊन परवाना मिळवलेली. आम्हा हौशी लोकांना बोलायला रेडिओलहरींचा एक पट्टा नेमून दिलेला असतो. माझा संच कारखान्यातूनच असा आलेला आहे की ऐकतो सगळे, बोलतो मात्र त्या पट्ट्यातच. होड्यांची वाहिनी पट्ट्याच्या बाहेर. धाकट्याचे आणि माझे बोलणे कामापुरतेच उरले आहे, ते का ते पुढे येईल, पण तो कामावर निघाला की मी त्याची वाहिनी लावून चहा पिते. हे मी कोणाला सांगितले नव्हते. त्याला ते ठाऊक होते, हे मला आज कळले. खरखरीतून तो म्हणाला, "ताई, ऐकत असशील तर बंदरात फोन कर. इंजिन गेलंय. मला काही म्हणता काही दिसत नाहीये." मग, "तुला बोलता येत नाही, माहितीये मला. नुसतं ऐकत राहा."

मी फोन केला. त्यांनी लगेच होडी पाठवली. पण धुक्यात शोधणार कुठे? कार्यालयातला माणूस म्हणाला, "बाई, त्याला विचारा ना, लाटा फुटल्याचा आवाज कुठल्या बाजूने येतोय." विचारा म्हणे. मी फोन हातात धरून उभी, आणि पलीकडे माझा भाऊ रिकाम्या धुक्याशी बोलतो आहे, हे ऐकत राहिले. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

संचाच्या आत, पुढच्या सर्किटच्या पाटीवर, डायोड नावाचा मोहरीएवढा एक भाग असतो. तो आहे तोवर संच पट्ट्याबाहेर बोलत नाही, तो काढला की वाटेल तिथे बोलतो. आमच्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असते आणि चांगली माणसे तो काढत नाहीत, कारण उद्या कोणीही उठून विमानांच्या किंवा रुग्णवाहिकांच्या वाहिनीवर बडबडू लागेल. आमच्या रेडिओ क्लबमध्ये नवशिक्यांना मीच संच उघडून तो दाखवत असे आणि सांगत असे, इथे हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. आज मीच चार स्क्रू काढले, सोल्डरिंग आयर्न तापवले, डोळ्याला भिंग लावले आणि चिमट्याने तो उपटला. तो उडून कुठे पडला ते देव जाणे. संच परत चालू केला तर त्याच्या स्मरणातली सगळी स्थानके पुसली गेलेली. वाहिनीचा आकडा पाठ होता म्हणून निभावले.

बटन दाबून मी म्हणाले, "ऐकतेय रे." तो मग म्हणाला, "ताई, तू कशी काय बोलतेस?" त्याचा आवाज बारीक झाला होता. लहानपणी विहिरीत डोकावताना व्हायचा तसा.

आता माझ्या जिवाचे. अँटेना माझ्या पट्ट्याच्या मापाने कापलेली आहे. होड्यांच्या वाहिनीला ते माप जुळत नाही, त्यामुळे पाठवलेली सगळी शक्ती वर जात नाही, काही तारेवरून खोलीत परत येते. माइकची जाळी ओठाला चटका देते. आणि माझ्या छातीत ठोके देणारा पेसमेकर बसवलेला आहे. डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते, "ऐका हवं तेवढं. बोलायचं नाही. अगदीच वेळ आली तर दुसऱ्याला बोलायला लावा." पहिल्यांदा बटन दाबले तेव्हा एक ठोका पडलाच नाही, असे वाटले. दुसऱ्यांदा शक्ती कमी करून पाहिली, तर धाकट्याला ऐकू गेले नाही. परत पूर्ण वाढवली आणि वाक्य संपायच्या आत मी खाली कोसळले. समोरच्या शिंप्याने दुकानातून पाहिले आणि धावत येऊन मला खुर्चीत बसवले. मग त्याने वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंना हाक मारली. त्या माझे मनगट धरून म्हणाल्या, "तिसऱ्यांदा दाबलंत तर मी नाडी बघायला येणार नाही हां. थेट रडायलाच येईन."

पण तिसऱ्यांदा दाबावे लागणार. शोधणाऱ्या होडीला माझा आवाज ऐकू जातो, धाकट्याचा जात नाही. तो काय ऐकतो आणि कुठून ऐकतो, ते मी त्यांना सांगायचे, असे ठरले आहे. त्याची बॅटरी मरायला टेकली आहे, म्हणून तो दर तासाच्या ठोक्याला तेवढा संच चालू करणार. पुढचा ठोका व्हायला थोडा अवकाश आहे. तेवढ्यात हे पुरे व्हावे.

कलम पहिले. घराचा पुढचा भाग, म्हणजे ही खोली, आतली खोली आणि जिन्याखालची जागा, माझ्या पश्चात धाकट्यास मिळावी. यानंतर मसुद्यात एक ठरलेले वाक्य येते, की सदर इसम माझ्याआधी मयत झाल्यास हा हिस्सा अमक्यास जावा. ते वाक्य मी शेकडो लोकांसाठी टाइप केले आणि कधी बोट अडखळले नाही. इथे मी ते लिहिणार नाही. कायद्याच्या दृष्टीने उणीव राहिली तर राहो.

कलम दुसरे. गच्ची. ही माझी आणि मागच्या भागात राहणाऱ्यांची समाईक आहे व तशीच राहावी. मागच्या भागात धाकटा आणि त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, राहतात. भावजय आणि मी एकमेकींशी बोलत नाही. कारण विचाराल तर चादरी. माझ्या खांबाला चार बाजूंनी ओढून बांधलेल्या तारांचे ताण दिलेले आहेत, त्यांवर ती ओल्या चादरी वाळत घालायची. एकदा सांगितले, दोनदा सांगितले. एका दुपारी वारा सुटला, चादरी शिडासारख्या फुगल्या आणि खांब वाकला. मी सगळ्या चादरी काढून खाली चिखलात टाकल्या, हे खरे आहे. ती म्हणाली, "त्या खोक्याशीच संसार करा तुम्ही. माणसं कशाला हवीत तुम्हाला?" हेही खरे आहे. त्या दिवसापासून मधल्या दाराला तिच्या बाजूने कडी आणि माझ्या बाजूने कपाट. बिचारा धाकटा दोन्ही घरांत चोरासारखा वावरतो. तरी नमूद करते की खांबाचे ताण कपडे वाळत घालण्यास वापरू नयेत, आणि हे माझ्या मरणानंतरही लागू राहील.

कलम तिसरे. बँकेतली शिल्लक धाकट्याला. त्याने त्यातून लाँचला नवीन इंजिन घ्यावे आणि चांगला बिनतारी संच घ्यावा. "चालतंय की हेच" असे म्हणून पैसे दाबून ठेवू नयेत. ही त्याची जुनी खोड आहे आणि आज तीच जिवावर उठली आहे.

कलम चौथे. संच, वीजपुरवठ्याचे खोके, माइक, तारा आणि हत्यारे रेडिओ क्लबला द्यावीत. मात्र अध्यक्षांच्या हाती देऊ नयेत. त्यांनी आपल्या संचातला डायोड केव्हाच काढलेला आहे, असा माझा पक्का संशय आहे. ते मी भर सभेत बोलले होते आणि त्यांनी मला "नियमांची मावशी" असे नाव ठेवले. ते नाव सगळ्यांना आवडले. आज मला पाहून अध्यक्ष पोट धरून हसतील. हसोत. देण्याआधी डायोड परत बसवावा. जुना सापडला नाही तर नवा आणावा.

कलम पाचवे. टाइपरायटर शिंप्याला देण्याचा माझा विचार होता, त्याला दुकानाच्या पावत्या नीटनेटक्या हव्या असतात. पण तो या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, दिले तर ते देणे टिकत नाही. हे समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "मग सही करायला दुसरा कोणी बघा की ताई." नर्सबाईंनी डोळे वटारले तेव्हा गप्प बसला. टाइपरायटर विकून टाकावा.

कलम सहावे. माझ्या अंत्यविधीआधी छातीतला पेसमेकर काढून घ्यायला विसरू नये, आगीत तो फुटतो. कसा ते नर्सबाईंना ठाऊक आहे. दुसऱ्याच्या अंत्यविधीची कलमे टाइप करताना मी मध्येच उठून चहा पिऊन यायचे. मला मरायचे नाही. हे कलमात बसत नाही, पण कुठे तरी लिहायला हवे होते.

कलम सातवे. माझे कपडे आणि भांडी यांपैकी जे कोणाला

इथे लिहिणे थांबले. पुढचे नंतर लिहिते आहे. शाई वेगळी दिसेल, ती शिंप्याच्या पेनाची.

थांबायचे कारण, भावजय दारात येऊन उभी राहिली. तिला शिंप्याने सांगितले. मी सांगायला हवे होते, पण मधले दार बंद आणि सांगायचे कसे याचा विचार करण्यातच सकाळ गेली. ती चप्पल न घालता आली होती. तिने संचाकडे पाहिले, मग या कागदाकडे, मग माझ्याकडे.

"तुम्ही आता पुन्हा बोलणार त्यात? पडलात ना मघाशी?"

"बोलावं लागेल," मी म्हणाले.

"द्या इकडे. मी बोलते. तुम्ही लांब बसून सांगा."

आता माझे उत्तर ऐका. मी म्हणाले, "तुझ्याकडे परवाना नाही." जे सुचले ते खरोखर हेच. परवाना नसलेल्याच्या हातात माइक द्यायचा नाही, हे इतके अंगात मुरले होते की जीव जात असतानाही तोंडातून तेवढेच बाहेर पडले. नर्सबाईंनी कपाळावर हात मारला.

भावजय म्हणाली, "ताई, नियम सकाळीच चिमट्याने उपटून फेकलात ना? मग आता कसला परवाना? तिकडे माझा नवरा आहे. आणि तुम्ही मेलात तर त्याच्याशी बोलणार कोण? मला तर ते खोकं उघडं की बंद तेही कळत नाही."

मी खुर्चीवरून उठले.

नर्सबाईंनी शिंप्याकडून खडू घेतला आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जमिनीवर रेघ ओढली. "याच्या पलीकडेच राहायचं. काही झालं तरी." हेडफोनच्या तारेला जोड देऊन ती माझ्यापर्यंत आणली, कारण खरखरीतून धाकट्याचा आवाज वेचून काढणे एकट्या माझ्या कानांना जमते. भावजयीला मी शिकवले. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबून ठेवलंस तर तुला काही ऐकू येणार नाही, आणि वाहिनीवर दुसऱ्या कोणाला बोलताही येणार नाही. ती मान हलवत होती. तिचा अंगठा बटनावर आत्तापासूनच पांढरा पडला होता.

ठोका झाला. धाकट्याचा आवाज आला, सकाळपेक्षा कितीतरी क्षीण. "ताई, लाटांचा आवाज जवळ आलाय. खूप जवळ."

मी सांगितले ते भावजयीने शब्दाला शब्द म्हटले. होडीने भोंगा वाजवावा. त्याने ऐकावे. बायकोचा आवाज ऐकून तो अडखळला असणार, पण वेळ कसली आणि विचारणार काय. होडीने भोंगा वाजवला, तो आम्हाला संचातून ऐकू आला. मग धाकटा म्हणाला, "ऐकू आला. उजव्या हाताला. खडक डावीकडे आहेत, भोंगा उजवीकडे." भावजयीने ते होडीला सांगितले. होडीवरचा माणूस म्हणाला की वळतोय, पुन्हा वाजवतो. पुन्हा भोंगा. धाकटा म्हणाला, "आता समोरून येतोय, ताई, मला वाटतं की" आणि तिथेच त्याचा आवाज तुटला.

नुसती खरखर राहिली. मी हाताने खूण केली की गेला. बॅटरी गेली, एवढेच मला म्हणायचे होते. भावजयीला त्या खुणेचा दुसराच अर्थ लागला. तिने बटन दाबले आणि ती ओरडू लागली. "अहो! अहो, ऐकताय ना? अहो, बोला ना काहीतरी!" दाबलेलेच ठेवले. अंगठा काही उठेना. हुंदके, अहो, पुन्हा हुंदके, सगळे त्या वाहिनीवर चालले होते. आणि तिने बटन दाबून धरलेले असताना तिकडून कोणी काही सांगू पाहत असेल तर आम्हाला ते ऐकू येणारच नव्हते. होडी खडकांवर जात असली तरी नाही. मी रेघेपलीकडून ओरडले, "बटन सोड! अगं सोड ते बटन!" तिला ऐकूच जाईना. शिंपी जागच्या जागी थिजला होता.

मी रेघ ओलांडली. नर्सबाई माझ्या नावाने ओरडल्या. संच चालू, शक्ती पूर्ण, आणि मी चालत त्याच्याकडे निघालेली. छातीत ठोका पडला, मग पडला नाही, मग पडला. खोली कडेकडेने काळी होऊ लागली. मी भावजयीचा हात धरला. माइकचा चटका मला बसला तसा तिलाही आधीपासून बसतच असणार, तिच्या ओठावर लाल डाग होता. तिचा अंगठा मी दोन्ही हातांनी ओढून काढला.

बटन सुटले. आणि संचातून, कसलीही खरखर नसलेला, खणखणीत आवाज आला.

"अगं बटन सोडाल तर बोलेन ना मी! होडीवर घेतलंय मला. ठीक आहे मी. या लोकांच्या संचावरून बोलतोय."

मी जमिनीवरच बसले. भावजय माझ्या शेजारी बसली. तिने माझा हात घट्ट धरला होता.

धाकटा पुढे म्हणाला, "रडत होती ती आमचीच ना? आणि मागून ओरडत होती ती ताई?" मग, "दोघी एकाच खोलीत आहात?"

भावजयीने माइक उचलला आणि माझ्याकडे पाहिले. "काय सांगू?"

"हो म्हण," मी म्हणाले.

नर्सबाईंनी मला ओढून रेघेपलीकडे नेले, तेव्हा बटन दाबून ती म्हणाली, "हो."

कलम सातवे, जे अर्धवट राहिले, ते रद्द. कपडे आणि भांडी भावजयीने घ्यावीत, तिला हवी ती. कलम चौथेही बदलते. संच क्लबला नको. तो भावजयीला मिळावा, अट एकच, तिने परीक्षा देऊन परवाना काढावा. अभ्यास मी घेईन. कलम पहिले जसेच्या तसे राहावे, त्यात एक शब्दही वाढवू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मला तो समजतो आणि मान्य आहे. भीती अजून पुरती गेलेली नाही. सही नेहमीसारखी आलेली नाही, पण ती माझीच आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १९ जानेवारी, धुके विरल्यावर

(सही) ताई

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. ताईंनी आमच्या देखत सही केली. मला या कागदातून काहीही मिळत नाही, हे मला नीट समजावून सांगण्यात आले आहे. (सही)

साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरची नर्स, निवृत्त. ताई शुद्धीवर आहेत. सही करताना त्यांचे दुसरे मनगट माझ्या हातात होते. नाडी जलद, ठोके नियमित. (सही)